एआय एजंटसाठी घोड्यांच्या शर्यतीचं टूल: वर्णन लिहायचं तरी कुणासाठी?

हळदबाजार (सांगली)

मंडळी, प्रश्न लांब आहे. चहा घेऊन बसा.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. चौदा वर्षं पंपांची माहितीपुस्तकं लिहिली. शेतीपंप, पाणबुडी मोटारी, स्टार्टर. बसवायचं कसं, पाणी उचलत नसेल तर आधी काय बघायचं, वॉरंटीत काय बसतं आणि काय नाही. शेवटच्या पानावर फोन नंबर. पहिल्याच पुस्तकात मी ‘फूट व्हॉल्व्ह तपासा’ असं छापलं आणि आठवडाभर फोन वाजत राहिला, कारण आपल्याकडे त्याला सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात. तेव्हा कळलं की वाचणारा अडला की फोन करतो, आणि पुढची आवृत्ती त्या फोनवरूनच सुधारते.

आता जे काम घेतलंय त्यात फोन येणारच नाही. म्हणून इथे विचारतेय.

परदेशातली एक छोटी टीम आहे. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतींची माहिती एआय एजंटला (प्रश्न विचारला की स्वतः साधनं वापरून उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमला) आणून देणारं टूल त्यांनी बनवलंय. एमसीपी सर्व्हर आहे. ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी: मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. मॉडेलला, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयला, बाहेरची साधनं जोडायची ठरलेली पद्धत. प्रत्येक टूलला एक नाव, एक वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कुठली माहिती कुठल्या साच्यात द्यायची ते) असतो. मॉडेल यादी वाचतं आणि कुठलं टूल हाक मारून बोलवायचं ते स्वतःच ठरवतं. म्हणजे वर्णन हीच त्याची सगळी समज. कोड त्याला दिसत नाही.

आमच्याकडे चार टूल्स आहेत: रेसकार्ड (त्या दिवशीच्या शर्यती आणि त्यांत पळणारे घोडे), निकाल, घोड्याचा फॉर्म आणि भाव. पैज कुठेही लागत नाही, फक्त माहिती येते. डेव्हलपरने लिहून ठेवलेलं पहिल्या टूलचं वर्णन असं होतं: ‘रेसकार्ड परत देतं.’ डब्यावर ‘डबा’ अशी चिठ्ठी लावल्यासारखं.

मला घोड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. घरात घोडा फक्त लग्नाच्या फोटोत. त्यामुळे दोन आठवडे मी नुसते एजंटला प्रश्न विचारत बसले आणि चुका वहीत लिहिल्या. थोड्या इथे देते, म्हणजे माझा प्रश्न नीट कळेल. (नावं, आकडे देवनागरीत लिहितेय, मूळ डेटात अर्थात रोमन आहेत.)

अंतर डेटात येतं ‘१ एम २ एफ’. तिथे एम म्हणजे मैल आणि एफ म्हणजे फर्लांग. आठ फर्लांगांचा मैल, एक फर्लांग साधारण २०१ मीटर. म्हणजे ही शर्यत दोन किलोमीटरच्या वर. एजंटने काय लिहावं? ‘ही १ मीटर २ फूट अंतराची अतिशय छोटी शर्यत आहे, त्यामुळे सुरुवातीचा वेग निर्णायक ठरेल.’ एक मीटर दोन फुटात घोड्याचं तोंडसुद्धा बाहेर येत नाही हो.

वजन येतं ‘९-४’. म्हणजे ९ स्टोन ४ पौंड. १४ पौंडांचा स्टोन, म्हणून १३० पौंड, म्हणजे जवळपास ५९ किलो. त्याच ओळीत, त्याच घोड्यापुढे भाव येतो ‘९/४’. तो वेगळा: चार लावले तर नऊ मिळतात, वर आपले चार परत. एजंटने एकदा दोन्हींची अदलाबदल केली. मी तुलना करायला ती फाइल एक्सेलमध्ये उघडली, तर एक्सेलने वजनाचं ९ एप्रिल करून टाकलं. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि मोगऱ्याला पाणी घालायला गेले.

फॉर्म म्हणजे घोड्याच्या मागच्या शर्यतींचे क्रमांक ओळीने लिहिलेले असतात, जसं ‘१०३-२पी’. सगळ्यात ताजी शर्यत उजवीकडे. मधली आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला. शून्य म्हणजे दहावा किंवा त्याच्याही मागे. पी म्हणजे स्वाराने घोडा मध्येच थांबवला. एजंटने वाचलं: ‘या घोड्याने १०३ शर्यती पळून त्यातल्या २ जिंकल्या.’ वाक्य इतकं ठाशीव होतं की मीच क्षणभर मान डोलावली.

शिवाय प्रत्येक घोड्याला दोन नंबर असतात, एक ‘नंबर’ आणि एक ‘ड्रॉ’. त्यातला फरक कळायला मला आठवडा लागला. त्यामुळे त्या चुकीवरून एजंटला मी फारसं बोलणार नाही.

पण वहीतलं जे पान मी दुमडून ठेवलंय ते वेगळंच आहे. एका मंगळवारी संध्याकाळी विचारलं, शनिवारी तिसऱ्या शर्यतीत कोणते घोडे पळणार? टूलने रिकामी यादी दिली. बरोबरच होतं. तिथे फ्लॅट, म्हणजे उड्या नसलेल्या, शर्यतींची अंतिम नावं साधारण ४८ तास आधी पक्की होतात, म्हणजे शनिवारची गुरुवारी. मंगळवारी यादी असणार कुठून? एजंटने उत्तर दिलं: ‘शनिवारची तिसरी शर्यत रद्द झाली आहे.’ मी तोच प्रश्न नव्या खिडकीत पुन्हा विचारला. या वेळी त्याने सहा घोड्यांची नावं दिली, स्वारांसकट. सगळी नावं शोधली. आमच्या डेटात एकही नव्हतं.

दोन दिवसांनी माहिती पुरवणारा स्रोतच तासभर बंद होता. तेव्हा टूलने काय द्यावं? तीच रिकामी यादी. जिथे त्या दिवशी शर्यतच नव्हती तिथेही तीच. तीन वेगळ्या गोष्टी आणि उत्तर एकच, कोरं. पंपाचं पाणी येत नसेल तर वीज नाही, विहिरीत पाणी नाही की फुटबॉल अडकलाय हे शेतकरी एकेक करून बघतो, आणि नाहीच कळलं तर मला फोन करतो. हा एजंट अडतच नाही. कोरी जागा दिसली की भरून मोकळा.

तर विचारायचं आहे ते असं. हे सगळं लिहायचं कुठे? टूलच्या वर्णनात घातलं तर वर्णन निबंधाएवढं होतंय, आणि ते प्रत्येक संभाषणात मॉडेलच्या डोक्यावर बसतं, टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातं. वेगळ्या गाइडमध्ये घातलं तर माणसं वाचतील, एजंट वाचणार नाही. एककांचं काय, ते मी समजावून सांगायचं की कोडमध्येच सुधारायला लावायचं? डेव्हलपर म्हणतो ‘डॉक्समध्ये टाका ना’. आणि रिकाम्या उत्तराचं वर्णन कुणी कधी लिहिलंय का?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

ताई, शेवटून सुरू करतो. ‘डॉक्समध्ये टाका ना’ असं जो डेव्हलपर म्हणतो त्याच्या घरी गळक्या नळाखाली बादली असते. मी स्वतः डेव्हलपर आहे, माझ्याही घरी आहे.

एककं कोडमध्येच बदलायला लावा. अंतरासाठी दोन फील्ड: एक फक्त आकडा, आणि फील्डच्या नावातच ‘मीटर’ हा शब्द. दुसरं, मूळ मजकूर जसा छापतात तसा, ‘१ एम २ एफ’. मूळ काढू नका, कारण वापरणारा माणूस ब्रिटिश असला तर त्याला मीटरमध्ये सांगितलेलं रुचणार नाही. वजनाचंही तसंच, एकूण पौंड हा पूर्णांक आणि शेजारी ‘९-४’. भाव दशांशात द्या: ९/४ म्हणजे ३.२५. एकदा फील्डचं नाव स्वतःच बोलायला लागलं की वर्णनातली दहा वाक्यं उडतात.

आता रिकामी यादी. हा डॉक्युमेंटेशनचा प्रश्नच नाही असं मी म्हणणार होतो, पण विचार केल्यावर वाटतंय की तोच खरा डॉक्युमेंटेशनचा प्रश्न आहे. यादीसोबत एक ‘स्थिती’ फील्ड द्या. तीन-चारच ठरलेली मूल्यं: जाहीर, अजून जाहीर नाही, त्या दिवशी शर्यत नाही, शर्यत रद्द. रद्द वेगळं ठेवा, म्हणजे एजंटला ते स्वतःच्या मनाने म्हणायची गरज पडणार नाही. स्रोत बंद असेल तर ती यादी नव्हेच, ती चूक आहे. एमसीपीत टूलच्या उत्तरातच ‘इझ-एरर’ असा झेंडा लावता येतो आणि सोबत मजकूर पाठवता येतो. तो मॉडेलला दिसतो. प्रोटोकॉलच्या पातळीवरची एरर फेकली तर ती मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही. हे डेव्हलपरला नक्की सांगा, यात बरेच जण फसतात.

आणि तुमचा टोकनचा प्रश्न यातच सुटतो. वर्णन प्रत्येक वेळी वाचलं जातं. एरर किंवा स्थितीचा मजकूर फक्त घटना घडते तेव्हाच वाचला जातो, आणि तेव्हा मॉडेलचं सगळं लक्ष तिथेच असतं. म्हणजे तुमचं सगळ्यात उपयोगी लिखाण तिथे जायला हवं. ‘डेटा उपलब्ध नाही’ असं नका लिहू. असं लिहा: ‘या शर्यतीची अंतिम नावं अजून जाहीर झालेली नाहीत. अमुक वेळेनंतर पुन्हा विचारा. तोपर्यंत घोड्यांची नावं सांगू नका.’ फोन करणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही जे बोलला असता तेच.

वर्णनात फक्त एवढंच ठेवा: हे टूल कशासाठी आहे, कशासाठी नाही (आणि मग कुठलं), काय दिलं की चालतं याचा एक नमुना, आणि ज्या एक-दोन गैरसमजांनी उत्तर पूर्ण उलटतं ते. बाकी प्रत्येक इनपुटचं स्पष्टीकरण स्कीमात त्या-त्या इनपुटपाशी. तारखेचा साचा, रेसकोर्सच्या नावांची ठरलेली यादी वगैरे.

‘फक्त वाचणारं टूल’ अशी खूण करायची सोय आहे, ती लावा. पण ती नुसती सूचना आहे. समोरचा क्लायंट, म्हणजे टूल जोडून घेणारं ॲप, तिच्यावर विसंबेलच असं नाही.

छकडा_प्रेमी (माण)

ताई नमस्कार. मला ते एमसीपी का काय ते कळत नाय, पण दोन नंबरांचं वाचलं आणि हसू आलं. अहो ते आपलंच हाय की.

आमच्याकडं बैलगाडी शर्यतीच्या मैदानाला गट पडत्यात. गटात गाड्या किती, तेवढ्या चिठ्ठ्या. चिठ्ठीत जो आकडा निघल तो तास, म्हंजी गाडी पळायची पट्टी. तुमची गाडी वहीत कितव्या नंबरावर लिवली त्याचा आणि तासाचा काय बी संबंध नाय. वहीत नंबर एक असल आणि तास निघल सात. माईकवाला वराडतो, ‘तास क्रमांक सातवर अमक्याची गाडी’, तवा लोकं गाडी हुडकत्यात. कडंचा तास आला की कायकायजण तिथंच तोंड पाडून बसत्यात, कारण कडंला जमीन भुसभुशीत असती नायतर माणसं आत घुसत्यात आणि बैल बुजतो. नंबराला कोण विचारतंय? तासाला विचारत्यात.

तुमचा ड्रॉ म्हंजी तास. नंबर म्हंजी वहीतला नंबर. एवढं एका वळीत लिवा, कुणाला बी कळंल.

आणि एक. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडी शर्यतीवर बंदी घातली ती डिसेंबर २०२१ ला उठली, अटी घालून. मग मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतीला परवानगी देणारा कायदाच बरोबर ठरवला. मधली सात वर्सं माझ्या वहीत कोरी हायत. परवा पुतण्या वही चाळत म्हणाला, आबा या वर्सांत तुमचा बैल पळला न्हाय का? आता काय सांगायचं त्येला. कोऱ्या पानावर ‘बंदी’ लिवायला पायजे होतं, बरोबर हाय का न्हाय?

हळदबाजार (सांगली)

आबा, तुमच्या कोऱ्या पानांचं मी आमच्या टीमच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. दोन आठवडे जे मला धड मांडता येत नव्हतं ते तुमच्या पुतण्याने एका प्रश्नात मांडलं.

आणि तास! हा शब्द मला लहानपणी माहीत होता, आजोळी ऐकलेला. डोक्यात आलाच नाही. ब्रिटनमध्ये अगदी असंच आहे. नंबर घोड्याच्या पाठीवरच्या कापडावर असतो, ड्रॉ म्हणजे सुटताना कितव्या खणातून सुटणार. चेस्टर नावाचं एक रेसकोर्स आहे, तिथे १५३९ पासून शर्यती होतात. चक्कर जेमतेम मैलभराची आणि सतत डावीकडे वळणारी. तिथे कमी अंतराच्या शर्यतीत आतल्या बाजूचा, म्हणजे लहान ड्रॉवाला घोडा फायद्यात असतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. एजंटने ड्रॉच्या जागी कापडावरचा नंबर धरला की सगळं विश्लेषण उलटं होतं, आणि वाचताना कुठेही खटकत नाही.

त्यात आणखी एक गंमत. उड्यांच्या शर्यतींत खण नसतातच, घोडे दोरीपाशी मोकळे सुटतात. म्हणून तिथे ड्रॉची जागा रिकामी. आमच्या डेटात ‘नल’, म्हणजे काहीच नाही. एजंट म्हणतो ‘ड्रॉची माहिती उपलब्ध नाही’. उपलब्ध नाही काय, अस्तित्वातच नाही! ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ या दोन कोऱ्या जागाही आता वेगळ्या लिहायला घेतल्यात.

अजिंक्यतारा, तुमच्या एरर मेसेजच्या मुद्द्यावर रात्री दीडपर्यंत जागले. आज सविस्तर लिहिते.

निवृत्त_टपाली (मिरज)

सगळं वाचलं. लेखन चांगलं आहे, पण मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाही. हा जुगार आहे. आमच्या गल्लीत आकड्यापायी दोन घरं उठलेली मी पाहिली. तुम्ही चांगल्या पंपाच्या पुस्तकांवरून इथे कशाला आलात, बाई? उद्या तुमचं सुबक वर्णन वाचून एजंट कुणाच्या पोराला सांगेल की अमुक घोडा जिंकणार, आणि ते पोर पगार लावेल.

मुठाकाठचा_सातारकर (पुणे)

काका, कायद्याचं बघायचं तर घोड्यांची शर्यत आणि मटका एका पंक्तीत बसत नाहीत. रेसकोर्सला परवाना देणारा मुंबईचा कायदा १९१२ चा आहे, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं. पण घर उठायचं ते उठतंच, त्यात तुमचं चूक नाही. मी पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात जातो, घोडे बघायला. पैसे लावणाऱ्या मित्रांची तोंडं बघितली की आपोआप फक्त घोडेच बघावेसे वाटतात.

ताई, तुमच्यासाठी एक सावधगिरी. तुमची टीम उद्या भारतातला डेटा जोडायचं म्हणाली तर तुमचा ‘एम’ उलटा फिरेल. आपल्याकडे अंतर मीटरमध्ये आणि वजन किलोत. इंडियन डर्बी, १९४३ पासून चालत आलेली, २४०० मीटरची. इथे ‘२४०० एम’ मधला एम खरोखरच मीटर. तेव्हा आत्ताच फील्डच्या नावात मीटर घालून घ्या, अजिंक्यतारा सांगतोय तसं.

दुसरं, वेळ. ब्रिटिश कार्डावर शर्यतीची ओळखच वेळेने असते, ‘चेस्टरची २.३०’. सकाळ की दुपार लिहित नाहीत, कारण तिथे रात्री अडीचला कुणी घोडे पळवत नाही. एजंटला हे माहीत नसतं. शिवाय त्यांचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. म्हणून तीच २.३० ची शर्यत आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला. मी एकदा तासभर आधी टीव्ही लावून बसलो होतो.

जमिनीचा प्रकार कसा देता तुम्ही? तिथे बऱ्याच गमती आहेत.

हळदबाजार (सांगली)

आधी काकांना. काका, राग आला नाही. पंपाचं पुस्तक लिहिणारीनेही विचारायला हवं की उपसा किती होतो. तुमच्या बोलण्यावरून एक जागा पुन्हा तपासली आणि तिथे खोट सापडली. भाव ३.२५ दिसला की एजंट एकाला त्याने भागतो आणि बेधडक सांगतो, ‘जिंकण्याची शक्यता ३०.८ टक्के’. ती शक्यता नसते, बाजाराची किंमत असते. एका शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांचे असे टक्के मिळवले तर शंभराच्या वर जातात, कारण वरचा भाग भाव देणाऱ्याचा. भावाच्या टूलमध्ये पहिलंच वाक्य आता हे आहे: ‘हा बाजारभाव आहे. याला जिंकण्याची शक्यता म्हणू नका आणि यावरून पैसे लावण्याचा सल्ला देऊ नका.’ कुणाचं पोर त्याने वाचेल असा दावा मी करत नाही. पण आधी ते वाक्य नव्हतं, आता आहे.

मुठाकाठ, जमिनीबद्दल विचारलंत म्हणून सांगते, माझं सगळ्यात आवडतं प्रकरण तेच आहे. तिथे जमिनीला ‘गोइंग’ म्हणतात. कडक, चांगली ते कडक, चांगली, चांगली ते मऊ, मऊ, जड. ही ओलाव्याची पट्टी आहे. त्यातलं ‘गुड’ म्हणजे कौतुक नव्हे, पट्टीवरची मधली खूण. एजंट लिहितो, ‘मैदान उत्तम स्थितीत असल्याने सर्व घोड्यांना लाभ होईल.’ अरे, चिखलात पळणारे घोडे असतात, त्यांना काय लाभ? हे टीमला समजावताना माझ्या तोंडून निघून गेलं, ‘वाफसा’. पेरणीला जमीन वाफशावर आहे की नाही हे आपण बघतो तसं. पलीकडे चार जण गप्प. मग वाफसा म्हणजे काय हे सांगण्यात दहा मिनिटं गेली, आणि ती दहा मिनिटं त्या महिन्यातली सगळ्यात कामाची. त्यातूनच निघालं की कृत्रिम मातीच्या ट्रॅकची पट्टी निराळी आहे, ‘स्टँडर्ड’, ‘स्लो’ अशी, आणि आमच्या कोडमध्ये दोन्ही पट्ट्या एकाच यादीत कोंबल्या होत्या. आता वेगळ्या झाल्यात. शिवाय एकच शब्द पुरत नाही, ‘चांगली ते मऊ, काही ठिकाणी मऊ’ असंही येतं. ते जसंच्या तसं मजकूर म्हणून ठेवलंय.

अजिंक्यतारा, आता तुमचं. डेव्हलपरने ‘स्थिती’ फील्ड द्यायला तीन दिवस कुरकुर केली. मग मी त्याला सांगितलं, माझ्या वहीतले मंगळवारचे दोन प्रश्न तू स्वतः विचारून बघ. त्याला एजंटने आठ घोडे दिले, माझ्यापेक्षा दोन जास्त. त्याच दुपारी कोड आला.

रेसकार्डचं वर्णन सध्या असं आहे, मराठीत उलगडून देते, मूळ इंग्रजीत आहे:

‘ब्रिटनमधल्या एका रेसकोर्सवर एका दिवशी होणाऱ्या शर्यती आणि त्यांत पळणारे घोडे देतं. झालेल्या शर्यतीचा निकाल हवा असेल तर हे वापरू नका, निकालाचं टूल वापरा. तारीख ब्रिटनमधली द्या. “नंबर” म्हणजे कापडावरचा क्रमांक, “ड्रॉ” म्हणजे सुटण्याचा खण. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. उड्यांच्या शर्यतीत ड्रॉ नसतो. घोड्यांची यादी रिकामी असेल तर आधी “स्थिती” वाचा. यादीत नसलेला घोडा उत्तरात आणू नका.’

बस. आबांची एक ओळ आत आहे बघा, तास शब्द तेवढा काढावा लागला. फॉर्मचं सगळं फॉर्मच्या टूलमध्ये गेलं. तिथे मात्र मी एक पूर्ण नमुना वाचून दाखवलाय, ‘१०३-२पी’ डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर. तिथे टोकनची काटकसर केली नाही. नमुना दिल्यापासून एकशे तीन शर्यती पळालेला घोडा पुन्हा दिसला नाही.

माणसांसाठीचं गाइड वेगळं, आणि ते आता बरंच छोटं झालंय. कसं जोडायचं, टूल वापरायची किल्ली (पासवर्डसारखा कोड) कुठे ठेवायची, डेटा किती जुना असू शकतो. गंमत म्हणजे जोडणारी माणसं गाइडपेक्षा टूलचं वर्णनच आधी वाचतात असं डेव्हलपर सांगतो. म्हणजे दोन वाचक धरून मी उगाच दोन वह्या केल्या होत्या.

अजून एक चुकतंय, लपवत नाही. एकाच नावाचे दोन घोडे. नावाला तिथे १८ अक्षरांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून, आणि जुनी नावं कालांतराने पुन्हा दिली जातात. नावामागे जन्मदेशाची खूण कंसात असते. एजंट ती खूण खाऊन टाकतो आणि मग २० वर्षांपूर्वीच्या घोड्याचा फॉर्म आजच्या घोड्याला चिकटवतो. आयडी वापर म्हणून लिहिलंय, कधी ऐकतो, कधी नाही. कुणाला यावर उपाय माहीत असेल तर सांगा.

आणि काल मंगळवार होता. मुद्दाम तोच प्रश्न विचारला, शनिवारची तिसरी शर्यत, कोण पळणार? उत्तर आलं: ‘नावं अजून जाहीर झालेली नाहीत. गुरुवारी तिथल्या सकाळी १० नंतर पक्की होतील. तेव्हा पुन्हा बघू का?’

पंपाच्या कंपनीतला माझा जुना फोन आठवला मला.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नावाच्या घोळावर: फॉर्मच्या टूलला नाव हे इनपुट देऊच नका. फक्त आयडी घेऊ दे. नावावरून आयडी शोधायला वेगळं छोटं टूल करा, आणि एकाच नावाचे दोन निघाले तर ते दोन्ही जन्मवर्षासकट परत देऊ दे. चुकीचं दारच बंद केलं की ‘इथून येऊ नका’ ही पाटी लागत नाही.

हळदबाजार (सांगली)

पाठवलं डेव्हलपरला. तीन दिवसांची कुरकुर गृहीत धरतेय.

छकडा_प्रेमी (माण)

ताई ते बैलांचं असं काय निघणार असल तर सांगा. आमच्यात फायनलचा निकाल व्हॉट्सॲपवर तीन ग्रुपात तीन येत्यात आणि तिन्हीत माझाच बैल तिसरा.